मावशीने पाट मोकळा केला

"फुकट कोण कुणाला विमानात बसवतं?" एर्लिंडामावशीने विचारलं. हा प्रश्न तिने आधी मला विचारला, मग आईला, मग टपाल घेऊन येणाऱ्या माणसाला आणि रविवारी चर्चमधून बाहेर पडताना पाद्रीबाबांनाही. पाद्रीबाबा म्हणाले, "देवाची कृपा." मावशी म्हणाली, "देवाला मी ओळखते. हे कॉलेज कोण?"

कॉलेजचं नाव थॉर्नबी. तिकडे पूर्वेला, मॅसॅच्युसेट्समध्ये. त्यांनी मला प्रवेश दिला होता, शिकण्याचा सगळा खर्चही उचलणार होते, आणि वर कळवलं होतं की हो-नाही सांगण्याआधी एकदा येऊन बघून जा. विमान, गाडी, राहणं, जेवण, सगळं कॉलेजकडून. सोबत घरातलं एक मोठं माणूस आणलंत तर त्याचंही.

आईला रजा मिळत नव्हती. ती जवळच्या एस्पान्योला शहरात दवाखान्यात कामाला, आणि वडील मी लहान असतानाच गेलेले. तेव्हा मोठं माणूस म्हणजे मावशीच. तशीही आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच असायचा. आईपेक्षा मोठी, लग्न न केलेली, आवाज दोन शेतांपलीकडे जाणारा, आणि वर गावची पाटकरीण.

हे शेवटचं महत्त्वाचं. आमच्या ओहितोस गावात जे काही हिरवं आहे ते पाटावर. मिरची, मका, जर्दाळूची झाडं, सगळं. डोंगरातला बर्फ वितळतो, ते पाणी पाटातून येतं आणि प्रत्येक घर आपापल्या बाऱ्याला, म्हणजे पाळीला, शेतात घेतं. कुणाचं बारं कधी, हे पाटकरी ठरवतो. एवढ्या वर्षांत गावाने बाईला पाटकरी नेमलं ते एकदाच, आणि नेमल्यावर बरेच जण पस्तावले, कारण मावशीपुढे रडगाणं चालत नाही.

दर वसंतात, पाणी सोडायच्या आधी, अख्खं गाव पाटात उतरून गाळ काढतं. प्रत्येक घराने एक माणूस आणि एक फावडं द्यायचं. मावशी काठीने मापं टाकत पुढे जाते आणि प्रत्येकाच्या तुकड्यापाशी रंगीत फीत बांधलेली काठी रोवते. फीत दिसली की समजायचं, हे काम अजून व्हायचंय. सगळ्यांचे तुकडे झाले की ती ओरडते, "वुएल्ता!" म्हणजे चला, पुढे. ज्या घराचं माणूस येत नाही त्याने पैसे देऊन भाड्याचा माणूस लावायचा. नियमात ते बसतं. पण आमच्या गल्लीत भाड्याचा माणूस म्हणजे घराला कुलूप लागल्याची खूण मानतात.

फावडं पेलायला लागल्यापासून आमच्या घरचं माणूस म्हणजे मी.

म्हणून मावशीचा खरा प्रश्न विमानाचा नव्हताच. तो तिने एकदाच विचारला, मिरच्या निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. "तू गेलीस तर आपल्या घरचं फावडं कोण धरणार?"

आई म्हणाली, "तायडे, निदान बघून तरी ये."

"बघणारच," मावशी म्हणाली. "मुलगी द्यायची तर घर नको बघायला? घर पसंत पडलं नाही तर मी सरळ तोंडावर नाही म्हणून येणार. मग रडायचं नाही."

मला माहीत होतं, ती तसंच करेल.

तिच्या पेटीत एक चांगला पोशाख, लाल मिरचीच्या पुडीची पिशवी, बडीशेप घातलेल्या आमच्या बिस्किटांचा डबा आणि रबरी बूट. बूट कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "जिथे गवत हिरवं असतं तिथे चिखल असतो." बिस्किटं यजमानांसाठी. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, मग ते दार कॉलेजचं का असेना.

विमानतळावर टेस उभी होती, माझ्या नावाची पाटी घेऊन. तिसऱ्या वर्षाला होती. मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याची मुलगी, नाकावर तीळच तीळ, आणि बोलणं असं की श्वास कधी घेते ते कळू नये. ती माझी यजमान. मी तिच्या खोलीत झोपायचं आणि मावशीने पाहुण्यांच्या घरात.

"तूपण याच कॉलेजच्या पैशाने आली होतीस का गं बघायला?" मावशीने गाडीत बसल्या बसल्या विचारलं.

"हो तर! मी आणि माझे बाबा. बाबा इतके घाबरले होते की जेवणाच्या हॉलमध्ये ताट परत नेऊन धुवायलाच लागले."

"त्यात घाबरण्यासारखं काय? शहाणा माणूस आहे," मावशी म्हणाली. टेस तिला आवडली, हे मला तिथेच कळलं.

दिवसभर मावशीने ते घर बघितलं. बघितलं म्हणजे कसं, तर नळाचं पाणी चाखलं, खोलीतल्या गरम नळ्यांना हात लावला, स्वयंपाक्याला विचारलं की उरलेलं अन्न कुठे जातं. ग्रंथालयात तिने एक पुस्तक काढून फुंकर मारली, धूळ उडते का बघायला. आमच्यासारखी आणखी बरीच घरं आली होती, मिसिसिपीची, शिकागोची, डकोटाकडची. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या आणि सगळ्यांचे कपडे नवेकोरे. प्रवेश-विभागाचे गेन्ससाहेब सगळ्यांशी हात मिळवत होते. मावशीने त्यांचा हात धरून ठेवला आणि विचारलं, "पोरगी आजारी पडली तर तिला सूप कोण देणार?"

गेन्ससाहेब गडबडले. "आमचा दवाखाना आहे."

"दवाखाना गोळी देतो. सूप?"

"मी देईन," टेस म्हणाली.

मावशीने मान हलवली, पण पसंतीची की नापसंतीची, कळलं नाही.

माझं मात्र ठरून गेलं होतं. कधी ठरलं सांगू? ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीपाशी एक मुलगी पायातले बूट काढून वाचत बसली होती, तिच्याकडे बघताना. बस एवढंच. मला ती खुर्ची हवी होती. आणि ते मावशीला दिसू नये म्हणून मी भिंतीवरची चित्रं बघत राहिले.

झोपायच्या आधी टेस म्हणाली, "उद्या न्याहारीनंतर तुला माझी पोरं दाखवते." पोरं म्हणजे सॅलॅमँडरची अंडी. दिसायला सरड्यासारखा, पण जात बेडकाची. वसंतात तो रानातल्या एका तळ्यात येऊन अंडी घालतो, बुळबुळीत पुंजकेच्या पुंजके, आणि टेस त्या पुंजक्यांचा अभ्यास करत होती. तिचं पदवीचं सगळं काम त्यावर. मी हो म्हणाले आणि झोपले. तळ्याबद्दल मावशीला सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यात कसं येईल?

सकाळी आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये बसलो होतो, तेवढ्यात मावशी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत पानं, आणि चेहरा असा प्रसन्न की मला बरं वाटलं. तिने बशीत अंडी घेतली, वर पिशवीतली मिरचीपूड भुरभुरवली आणि म्हणाली, "तुमच्या या कॉलेजात माणसं चांगली आहेत, पण आळशी आहेत."

"का? काय झालं?" मी विचारलं.

"पाहुण्यांच्या घरामागे रानात पाट आहे. कुणीतरी फळ्या टाकून, माती लिंपून तुंबवून ठेवलाय. पाणी जाणार कुठे? सगळ्या झाडांच्या बुंध्यात पसरून कुजतंय. आणि गंमत बघ, फिती लावून ठेवल्यात! नारिंगी फिती, ठिकठिकाणी काठ्यांना. मापं टाकली, फिती बांधल्या आणि माणसंच आली नाहीत. मी म्हटलं, पाहुणचार घेतोय, तर आपलंही काही लागतं. अवजारांच्या खोलीतून फावडं घेतलं आणि केला मोकळा. काय धावलं गं पाणी! बघत राहावं."

टेसच्या हातातला पेला टेबलावर आडवा झाला.

ती उठली आणि पळत सुटली. आधी मला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. नारिंगी फिती. पुंजक्यांच्या खुणेसाठी टेसने लावलेल्या, आणि तो बांध तिच्या तळ्याचा.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"मावशी, तो पाट नव्हता."

आम्ही पोचलो तेव्हा तळ्याच्या जागी चिखल होता. काळी पानं, मधे दोन-चार डबकी, आणि काठ्यांवर, फांद्यांवर लोंबणारे ते पुंजके, उघड्यावर पडलेले. टेस चिखलात गुडघे टेकून एकेक पुंजका ओंजळीत घेऊन डबक्यात ठेवत होती. तिच्या प्राध्यापिका, लिंडक्विस्टबाई, फोनवर कुणालातरी सांगत होत्या, "मुलांचा धिंगाणा असणार. काल रात्री कसलीशी पार्टी होती ना? ज्यांनी केलं त्यांना मी सोडणार नाही."

मी मावशीची बाही ओढली. "गप्प राहा," मी आमच्या भाषेत पुटपुटले. "मावशी, पाया पडते. त्यांना माहीत नाही."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी बाही सोडली. मग ती पुढे गेली, सरळ बाईंच्या समोर.

"मुलांनी नाही केलं. मी केलं. मला वाटलं पाट तुंबलाय. माझी चूक झाली."

लिंडक्विस्टबाईंनी फोन खाली घेतला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मावशीच्या हातातलं फावडं, ते तिने येताना वाटेत परत उचललं होतं, हळूच काढून घेतलं आणि झाडाला टेकवलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही जा आता. प्लीज. आम्ही बघून घेऊ."

बाईंच्या हिशेबाने ते सभ्यपणाचं बोलणं होतं. पण आमच्याकडे पाटात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून फावडं काढून घ्यायचं नसतं. शिव्या द्या, दंड करा, बारं बंद करा, सगळं चालतं. फावडं काढून घेऊन "घरी जा" म्हणणं म्हणजे तू आमच्यातला नाहीस. मावशीने आयुष्यात ते कुणाला केलं नव्हतं. गावातल्या पाणी चोरणाऱ्या बेलार्मिनोलासुद्धा नाही.

मावशी तिथेच उभी राहिली. रिकामे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. एवढी मोठी बाई, पण त्या क्षणी मला ती लहान दिसली, आणि माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. ती खुर्ची गेली. आणि मावशीला कुणी असं उभं करायला नको होतं.

टेस चिखलातून उठली. डोळे लाल, नाक वाहत होतं. ती झाडापाशी गेली, फावडं उचललं आणि आणून मावशीच्या हातात दिलं.

"अंडी ओली राहिली तर वाचतील," ती म्हणाली. "पण पाणी परत थांबवायला हवं. लवकर. तुम्हाला बांध घालता येतो ना?"

मावशीने मान हलवली आणि चिखलात उतरली.

पुढचं जे झालं ते मी आजही कुणाला सांगते तेव्हा माझा आवाज बदलतो. मी आणि टेस बादल्यांमध्ये पुंजके गोळा करत होतो. मावशीने फळ्या परत रोवल्या आणि माती लिंपायला सुरुवात केली. माती धरेना. लिंपली की वाहून जायची. मावशी घामाघूम, तोंडाने आमच्या सगळ्या संतांना कामाला लावत होती. काठावर उभ्या राहून बघणाऱ्या लिंडक्विस्टबाई शेवटी म्हणाल्या, "ती वरची माती नाही चालणार. ती नुसती कुजलेली पानं आहेत. खाली हातभर खणा, निळी चिकणमाती लागेल."

"आमच्याकडे वरचीच धरते," मावशी म्हणाली.

"तुमच्याकडे एवढी झाडं नाहीत."

मावशीने खणलं. निळी माती लागली. तिने चिमूटभर बोटांत चोळून बघितली आणि बाईंकडे वर बघून म्हणाली, "खरं आहे तुमचं." मग परत फावडं उचलत, "किती लागेल?"

"बरीच." आणि बाईंनी चांगले बूट काढून ठेवले नि अनवाणीच खाली उतरल्या.

तेवढ्यात रानातल्या वाटेने गेन्ससाहेब आले, मागे नव्या कपड्यांतली सगळी घरं. त्यांना परिसर दाखवायचा कार्यक्रम होता. साहेब थबकले. मी चिखलाने माखलेली, हातात बादली. त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं, सगळं. सांगताना रडू आलं. शेवटी मी म्हणाले, "साहेब, चूक आमची आहे. माझी जागा गेली तर मी समजू शकते."

साहेब म्हणाले, "कुठे गेली? अगं, प्रवेश तुला दिलाय. दिलेली जागा आम्ही परत घेत नाही. मावशींनी तळं फोडलं म्हणून तर मुळीच नाही. तू यायचं की नाही, एवढंच बाकी आहे, आणि ते तू ठरवायचंस." मग ते तळ्याकडे वळले. "हे मात्र भरायला हवं, नाही का?"

मिसिसिपीहून आलेल्या मुलाच्या आजोबांनी कोट काढून फांदीला अडकवला.

मावशीने ते बघितलं आणि तिच्या अंगात आमचा पाट संचारला. कुणी बोलावलं नाही, कुणी नेमलं नाही. तिने फावड्याच्या दांड्याने मापं टाकली. "तुम्ही इथे. तुम्ही तिथपर्यंत. ए शिकागो, तो सदरा काढ, आई रागावेल. बादल्यांची रांग खालच्या ओढ्यापासून." नळाचं पाणी अंड्यांना चालणार नव्हतं, म्हणून ओढ्याचं, हातोहात. डकोटाच्या बाई म्हणाल्या की आमच्याकडे पूर आला की अशीच वाळूची पोती हातोहात जातात. गेन्ससाहेबांची टाय चिखलात लोळत होती. आणि एक तुकडा पुरा झाला की मावशी ओरडायची, "वुएल्ता!" पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. नंतर सगळेच ओरडायला लागले.

दुपार कलता कलता तळं निम्म्याहून जास्त भरलं होतं आणि बांध धरला होता. टेस आणि बाईंनी पुंजके मोजले. वाचले ते बरेच होते. पण तिसरा हिस्सा गेला होता. त्याला इलाज नव्हता. टेस एका ओंडक्यावर जाऊन बसली आणि आतापर्यंत आवरलेलं सगळं रडून घेतलं.

मावशी तिच्या शेजारी जाऊन बसली. पाठीवर हात नाही, "असू दे" नाही. नुसती बसली. जरा वेळाने तिने मला खूण केली आणि मी पाहुण्यांच्या घरातून बिस्किटांचा डबा आणला. टेसने चिखलाच्या हातानेच एक खाल्लं.

"छान आहेत, मावशी," ती नाक पुसत म्हणाली. माझं ऐकून ऐकून तीही मावशीच म्हणायला लागली होती.

"आता तुझं काम कसं होणार?"

"यंदाचे आकडे अपुरे पडतील. पुढच्या वसंतात परत मोजावं लागेल. माझं शेवटचं वर्ष असेल, सगळं एकदम येईल अंगावर. एकटीला जमेल की नाही, माहीत नाही."

"एकटी कशाला?" मावशी म्हणाली आणि फावड्याने माझ्याकडे बोट केल्यासारखं केलं. "ही असेल ना. हिला पाण्यात उभं राहायची सवय आहे."

मी बादली धुवत होते. बादली हातातून सुटली. मावशीने घर पसंत केलं होतं आणि मला त्याची वर्दी ही अशी मिळाली. मी तिच्या गळ्यात पडले, तर म्हणाली, "बाजूला हो, चिखल लागतोय," जणू तिच्या अंगावर चिखलाशिवाय दुसरं काही उरलंच होतं.

निघताना लिंडक्विस्टबाई गाडीपाशी आल्या. त्यांना मावशीला निरोप देताना काय बोलावं सुचेना, आणि मावशीला माफी कितव्यांदा मागावी ते सुचेना. शेवटी मावशीने मिरचीपुडीची उरलेली पिशवी त्यांच्या हातात दिली. बाई म्हणाल्या, "फावडं घ्यायला नको होतं मी." त्यांना कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. टेसनेच असणार, आणि टेसला मी. मावशी म्हणाली, "तुमचं पाणी होतं, राग येणारच."

परतीच्या विमानात मी तिला विचारलं. विचारायलाच हवं होतं. "मावशी, मग आपल्या घरचं फावडं?"

ती खिडकीतून खाली बघत होती. ढगांखाली कुठेतरी एक नदी चमकत होती, ती तिने डोळ्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

"भाड्याचा माणूस लावीन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लाज वाटली तर टोपी खाली ओढून घेईन." मग ती माझ्याकडे वळली. "तुला सांगते ओरालिया, नळ, खोल्या, पुस्तकं, ते सगळं चांगलं असतंच गं. पैसे असले की होतं. मी त्या पोरीचं वर्षाचं काम मातीत घातलं, आणि तिने मला फावडं परत दिलं. अशा घरात मुलगी द्यायला मला भीती नाही."

मी थॉर्नबीला गेले. ती खिडकीजवळची खुर्ची मिळाली, बहुतेक वेळा तरी. थंडीत ताप आला तेव्हा टेसने सूप आणलं. पाणचट होतं. मी मावशीच्या पुडीतली चिमूट टाकून प्यायले.

वसंत आला, तळ्यात पुंजके दिसायला लागले, आणि आम्ही दोघी रोज पहाटे मोजायला जात होतो. त्यातच एके दिवशी टेस म्हणाली, "मला चार दिवस घरी जाऊन यावं लागेल. पोरं तू सांभाळ." तिचे बाबा आजारी आहेत की काय, अशी मला शंका आली, पण ती पिशवी भरताना शीळ घालत होती.

तो शनिवार गावाकडे आमच्या पाटाचा गाळ काढायचा. मी आदल्या रात्रीपासून अस्वस्थ होते. सकाळी तळ्याच्या काठावर कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवत बसले होते आणि डोळ्यांपुढे दुसरंच. आमची माणसं फावडी खांद्यावर टाकून जमली असतील, मावशी हजेरी घेत असेल, आणि आमच्या घराचं नाव आलं की कुणीतरी भाड्याचा हात वर करेल. मावशीने टोपी खाली ओढली असेल.

फोन वाजला. मावशी.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "नुसतं ऐक."

मग तिचा तो दोन शेतांपलीकडे जाणारा आवाज. ती हजेरी घेत होती. एकेका घराचं नाव, आणि एकेक "हजर". बेलार्मिनोचा खरखरीत, मागून कुणाच्यातरी पोराचा किनरा. कुत्री भुंकत होती. आमच्या घराच्या आधीचं नाव झालं. मी डोळे मिटून घेतले.

"घर आर्चुलेता!"

"हजर!" टेस ओरडली. उच्चार असा वेडावाकडा की सगळा पाट हसला.

मी त्या काठावर बसल्या बसल्या हसले आणि रडले, दोन्ही एकदम, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"ऐकलंस?" मावशी परत फोनवर आली. तिचाही आवाज ठिकाणावर नव्हता. "काल संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली ही पोरगी. स्वतःच्या पैशाने आलीये. म्हणाली, माझी अंडी ओरालिया बघतेय, तर तिचं फावडं मी धरते. फावडं उलटं धरते गं! कोळ्याची ना. शिकवीन." मग कुणावर तरी डाफरून ती घाईने म्हणाली, "ठेव आता फोन. पाणी थांबलंय."

मी फोन खिशात टाकला, बूट वर ओढले आणि टेसच्या पोरांची मोजणी करायला तळ्यात उतरले.